पंकपुराण

आमच्या घरांत सध्यां दोन पक्ष झाले आहेत. पक्ष नसलेलें एकत्र कुटुंब शोधूनही सांपडणार नाहीं, आणि आमच्या वाड्यानें तर आजवर पुष्कळ पक्ष पाहिले. पणजोबांच्या काळीं टिळक आणि आगरकर यांच्यावरून ओसरी व माजघर यांचा महिना महिना अबोला असे. वडिलांच्या काळीं गांधी आणि सावरकर यांच्यावरून पंगतींत वाढलेला भात निवून जाई. परंतु यंदा ज्या विषयावरून ताटें थांबलीं, त्या विषयाचा या वाड्याशीं कधीं संबंध येईल असें कोणी सांगितलें असतें तर मीं त्याला वेड्यांत काढलें असतें. तो विषय म्हणजे पंक नांवाचें विलायती संगीत. आणि वाद असा कीं, या संगीताच्या पाठीशीं कांहीं राजकीय विचार आहे, कीं तो नुसता आरडाओरडा आहे.

पंक म्हणजे चिखल, एवढें संस्कृत आमच्या वहिनींना येतें. “नांवच चिखल ठेवलेलें, मग शिंतोडे उडायचेच,” असा त्यांनीं पहिल्याच दिवशीं निकाल दिला. त्यावर त्यांचा नातू निखिल म्हणाला, “आजी, मग कमळाला पंकज कां म्हणतात?” वहिनी हंसल्या, पण त्यांनीं निकाल फिरवला नाहीं. इंग्रजी पंकाचें कूळ चिखलाहूनही हलकें आहे. शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द वेश्येला लावलेला आढळतो. पुढें कुजक्या लांकडाला पंक म्हणूं लागले, आणि अमेरिकेंत तो उनाड, कवडीमोल पोराला हिणविण्याचा शब्द झाला. लोकांनीं घातलेली शिवी उचलावी आणि बिल्ल्यासारखी छातीवर लावावी, ही या मंडळींची पहिली राजकीय कृति. त्यानंतरच्या कोणत्याही कृतीविषयीं त्यांच्यांत एकमत नाहीं.

मीं आयुष्यभर महाविद्यालयांत इतिहास शिकविला. संगीत म्हणून मला पंक मुळींच रुचत नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. तोडी ऐकत वाढलेल्या कानांना दोन मिनिटांची ती झटापट म्हणजे पितळी भांड्यांची उतरंड कोसळल्यासारखी वाटते. पण ज्या गोष्टीपायीं माणसें तुरुंगांत गेलीं, आणि ज्या गोष्टीनें माझ्या सख्ख्या भावाला व नातवाला एका पंगतींत बसेनासें केलें, तिच्यापुढें इतिहासाच्या माणसाला कानांत बोटें घालून बसतां येत नाहीं. म्हणून गेले तीन महिने मी हें पुराण वाचीत आहें.

१९७५-७६ सालचें लंडन डोळ्यांसमोर आणावें. पौंड घसरलेला, बेकारांचा आंकडा दहा लाखांच्या पलीकडे गेलेला, आणि एके काळीं जगाला कर्ज देणाऱ्या त्या देशाच्या सरकारनें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढें ३९० कोटी डॉलरांसाठीं पदर पसरलेला. शाळा संपवून बाहेर पडलेल्या मजूरवर्गांतल्या पोरांना पुढें काय, याचें उत्तर कोणापाशींच नव्हतें. किंग्ज रोडवरच्या ४३० क्रमांकाच्या दुकानांत माल्कम मॅक्लॅरन आणि व्हिव्हिएन वेस्टवुड हें जोडपें चमत्कारिक कपडे विकीत असे. या दुकानाभोंवतीं घोटाळणारीं पोरें गोळा करून मॅक्लॅरननें ‘सेक्स पिस्टल्स’ हा संच उभा केला. नोव्हेंबर १९७६ मध्यें त्यांची पहिली तबकडी निघाली; तिच्या नांवांतच ‘अराजक’ हा शब्द होता. १ डिसेंबरला दूरचित्रवाणीवरील एका संध्याकाळच्या कार्यक्रमांत मुलाखतकारानें चिथावल्यावरून त्यांनीं शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं पहिलें पान त्यांना वाहिलें, आणि थोड्याच आठवड्यांत त्यांच्या कंपनीनें त्यांना निरोप दिला. दुसऱ्या कंपनीनें मार्च १९७७ मध्यें बकिंगहॅम राजवाड्यासमोर टेबल मांडून करारावर सह्या घेतल्या आणि आठवड्याभरांत तो करार मोडला. तिसरीनें त्यांची तबकडी काढली ती ऐन राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवांत, आणि तीही राष्ट्रगीताचेंच नांव देऊन. बी. बी. सी. नें ती वाजविण्यास बंदी केली, तरी खपांत ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. ७ जूनला थेम्स नदींत नौकेवर त्यांनीं गाणें आरंभिलें, तेव्हां पोलिसांनीं नौका धक्क्याला आणवून कांहीं जणांना पकडलें. जानेवारी १९७८ मध्यें अमेरिकेच्या दौऱ्यावर असतांना संच मोडला. सारें प्रकरण सव्वादोन वर्षांचें.

यांत राजकारण किती होतें? माझ्या मतें, मूळ पोरांच्या मनांत राग पुष्कळ होता आणि राजकारण थोडें. अराजकवाद हा बाकुनिन आणि क्रोपॉटकिन यांनीं मोठमोठे ग्रंथ लिहून मांडलेला विचार. या पोरांनीं त्यांचें मुखपृष्ठही पाहिलें नसेल. मॅक्लॅरन आणि त्यांचीं भित्तिपत्रकें काढणारा चित्रकार जेमी रीड यांनीं मात्र १९६८ सालच्या पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या उठावाचा अभ्यास केला होता, आणि भिंतीवर लिहिलेलें एक वाक्य सभेंतल्या दहा भाषणांपेक्षां अधिक झोंबतें हें तेथून उचललें होतें. तेव्हां आरंभीचें पंक म्हणजे एका चतुर दुकानदारानें खऱ्या संतापावर लावलेली पाटी होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं. गंमत अशी कीं, पाटी वाचून जीं गिऱ्हाइकें आंत आलीं त्यांनीं ती खरी मानली.

पाटीचें हें खेळणें किती घातक होऊं शकतें याचेंही उदाहरण याच काळांतलें आहे. आरंभीच्या पंकांपैकीं कांहीं जण दंडावर नाझी स्वस्तिक बांधून हिंडत. ज्यांनीं हिटलरशीं युद्ध केलें त्या आईबापांना चीड आणावी, एवढाच हेतु, असें ते सांगत. ज्या चिन्हावर आपण हळदकुंकू वाहतों तें तसें पाहून वहिनींना वाटलें कीं पोरें धर्माला लागलीं! त्यांना सर्व उलगडून सांगतांना माझ्या लक्षांत आलें कीं, अर्थ न मानतां चिन्ह वापरतां येतें ही समजूतच पोरकट आहे. चिन्ह तुम्हीं कोणत्या हेतूनें बांधलें हें पाहणारा विचारायला येत नाहीं. आणि तो अर्थ मनापासून मानणारे मात्र तुमच्याकडे येतात. ते आलेही.

तसें पाहिलें तर हें संगीत जन्मलें न्यूयॉर्कमध्यें. बाउअरी भागांतील एका कळकट गुत्त्यांत १९७४ पासून ‘रामोन्स’ नांवाचा संच वाजवूं लागला. त्यांचें ऐकूनच लंडनच्या पोरांना हुरूप आला. या संचांतील चौघांनीं सख्ख्या भावांसारखें एकच आडनांव धारण केलें होतें, आणि भावांसारखेच ते भांडत. गायक जोई उदारमतवादी, तर सतार फेकून मारावी तशी गिटार वाजविणारा जॉनी हा कट्टर रिपब्लिकन. १९८५ मध्यें अध्यक्ष रेगन जर्मनींत बिटबुर्ग येथील दफनभूमीला भेट द्यायला गेले. तेथें हिटलरच्या एस. एस. दलांतील सैनिकही पुरलेले होते. ज्यू कुळांत जन्मलेल्या जोईला ती गोष्ट असह्य झाली आणि संचानें तिच्याविरुद्ध गाणें काढलें. जॉनीला त्याचें नांव खपेना, म्हणून अमेरिकेंतल्या संग्रहांत तें बदलून छापावें लागलें. पुढें २००२ सालीं मोठा सन्मान स्वीकारतांना याच जॉनीनें व्यासपीठावरून अध्यक्ष बुश यांना आशीर्वाद दिले. म्हणजे पंक म्हटला कीं तो डावाच, हें खरें नव्हे. निखिलला ही कथा सांगितली तेव्हां तो जरा हिरमुसला.

आतां आमच्या घरांतल्या खऱ्या कारणाकडे येतों. निखिल वीस वर्षांचा आहे. तीन मित्रांना घेऊन त्यानें असा एक संच काढला आहे. त्यानें संच काढला याला कोणाची हरकत नव्हती. गच्चीवरच्या खोलीचीं दारें लावलीं कीं भागत असे. पण गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं तो डोक्याचा गोटा करून आणि घोट्याच्या वरपर्यंत दोऱ्या आंवळलेले जाड तळाचे काळे बूट घालून घरीं आला. बूट त्यानें नेहमींच्या जागीं, दिंडी दरवाज्याशीं काढून ठेवले. माझे मधले बंधु नाना बाहेरून आले, त्यांनीं तें जोडपें पाहिलें, आणि न जेवतां खोलींत जाऊन कडी लावून घेतली. आमचे नाना शहात्तर वर्षांचे; त्यांनीं अन्नाचा अव्हेर केलेला कोणी कधीं पाहिला नव्हता.

नाना १९७४ ते १९८१ हीं सात वर्षें लंडनला होते. पश्चिमेकडे साउथॉलपासून जवळच एक खोली घेऊन राहत आणि एका कारखान्यांत यंत्रांचे नकाशे काढीत. त्यांचीं निळीं हवाई पत्रें आईनें ट्रंकेंत जपून ठेवलेलीं आहेत. त्यांतलें मार्च १९७८ चें पत्र दुसऱ्याच्या अक्षरांत आहे. ‘थंडीनें बोटें आंखडलीं आहेत, म्हणून खोलींतल्या सोबत्याकडून लिहवितों,’ असा खुलासा त्यांत आहे. आईनें तो मानला, आम्हीं सर्वांनीं मानला. सत्तेचाळीस वर्षांनीं नाना म्हणाले, तो थंडीचा परिणाम नव्हता. रात्रपाळी संपवून बसथांब्यावर उभे असतांना तिघांनीं त्यांना खालीं पाडलें. त्यांतल्या एकानें उजव्या हातावर बूट ठेवून जोर दिला. दोन बोटें मोडलीं. नकाशे काढणाऱ्या माणसाचीं बोटें! सहा आठवडे ते बिनपगारी होते, आणि त्यांतूनही त्यांनीं घरीं पाठवायची रक्कम चुकविली नव्हती, हें पत्रांच्या तारखांवरून मला दिसतें. त्या तिघांचे गोटे आणि बूट एवढेंच त्यांना आठवत होतें.

निखिलनें तें ऐकलें तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग जें बोलला तें मात्र अभ्यासपूर्वक बोलला. त्याचें म्हणणें असें: ते पंक नव्हते, ‘स्किनहेड’ होते; त्यांची परंपरा वेगळी आणि जुनी, आणि तीही मूळची जमैकाच्या संगीतावर प्रेम करणारी; नॅशनल फ्रंट या वर्णद्वेष्ट्या पक्षानें मागाहून त्यांच्यांतलीं पोरें फोडलीं. पंकांनीं उलट त्या पक्षाशीं सामना दिला. ऑगस्ट १९७६ मध्यें एरिक क्लॅप्टन या नामांकित वादकानें बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून परदेशीयांना हांकलून द्यावें असें भाषण करून इनॉक पॉवेलची तरफदारी केली. हाच क्लॅप्टन दोनच वर्षांपूर्वीं बॉब मार्ले या कृष्णवर्णी कवीचें गाणें गाऊन गब्बर झाला होता. त्याला जाब विचारणारें पत्र कांहीं जणांनीं संगीताच्या नियतकालिकांत छापलें, आणि त्यांतून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. काळे आणि गोरे संच एकाच रंगमंचावर आणायचे, ही तिची रीत. ३० एप्रिल १९७८ ला ट्रॅफल्गर चौकांतून निघून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत हजारों लोक चालत गेले. तेथें ‘द क्लॅश’ वाजला, ‘स्टील पल्स’ वाजला. ‘एक्स-रे स्पेक्स’ची पॉली स्टायरीन गायली, तिचा बाप सोमाली. (ही बाई पुढें हरेकृष्ण पंथांत गेली, हें ऐकून वहिनींचें मत पुष्कळ निवळलें.) क्लॅशच्या जो स्ट्रमरचे वडील तर लखनौला जन्मलेले इंग्रज वकिलातींतले अधिकारी. “नानाआजोबा, एवढे लोक तुमच्यासाठीं चालले,” निखिल म्हणाला.

“त्या रविवारीं मी खोलींत हात गळ्यांत बांधून पडलों होतों,” नाना म्हणाले. “आणि माझ्या थांब्यावर त्यांच्यापैकीं कोणी नव्हतें.”

मग नानांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याच कारखान्यांत हिरव्या केंसांचा आणि कानांत सेफ्टी पिन घातलेला एक उमेदवार मुलगा होता. नाना कामावर परतल्यावर त्यानें त्यांना कसल्याशा जलशाचें तिकीट देऊं केलें होतें. नानांनीं तें घेतलें नाहीं. त्यानंतरही तीन वर्षें ते त्याच्याशीं कामापुरतेंच बोलले. “मला तो आणि ते तिघे सारखेच दिसत,” ते म्हणाले. “तुझें वर्गीकरण मारणाऱ्याला ठाऊक असेल. खालीं पडलेल्याला फक्त बूट दिसतो.”

साउथॉलचा इतिहास दोघांच्याही बाजूनें साक्ष देतो. तेथें जून १९७६ मध्यें गुरदीपसिंग चग्गर हा अठरा वर्षांचा मुलगा भर रस्त्यांत भोंसकला गेला. २३ एप्रिल १९७९ ला नॅशनल फ्रंटनें तेथील नगरभवनांत मुद्दाम निवडणुकीची सभा घेतली; विरोधाला आलेल्या जमावावर पोलिसांनीं हल्ला केला, तींत ब्लेअर पीच हा न्यूझीलंडचा शिक्षक डोक्यावर आघात होऊन मेला. पोलिसांचाच अंतर्गत अहवाल त्यांच्यापैकीं एकाकडे बोट दाखवीत होता, पण तो प्रसिद्ध व्हायला २०१० साल उजाडलें. आणि ३ जुलै १९८१ ला तेथल्या हॅम्ब्रो टॅव्हर्न या गुत्त्यांत ‘ओय’ या पंकाच्याच एका शाखेच्या तीन संचांचा जलसा ठरला. पूर्व लंडनहून गाड्या भरभरून गोटेवाले आले. वाटेंत दुकानांच्या कांचा फुटल्या. आणि या खेपेस साउथॉलच्या पोरांनीं दारें लावून न घेतां तो गुत्ता जाळून टाकला. आम्ही फॅसिस्ट नाहीं, असें संचांनीं मागाहून सांगितलें. असतीलही खरे. पण आपल्या सुरांभोंवतीं कोण गोळा होतो याची चौकशी गाणाऱ्यानें आधीं करायची असते. १९७७ च्या सुमारास साध्या पंकांचा म्हणून निघालेला ‘स्क्रूड्रायव्हर’ हा संच याच सुमारास उघड नाझी झाला, आणि पुढें युरोपभर त्या विषाचा व्यापार करीत राहिला.

थॅचरबाईंनीं जानेवारी १९७८ मध्यें, आपला देश परक्या संस्कृतीच्या लोकांखालीं बुडून जाईल अशी भीति लोकांना वाटते, असे उद्गार काढले होते. तेव्हां दक्षिण लंडनमधल्या तीन पाकिस्तानी घरांतल्या मुलांनीं एका गोऱ्या मित्राला घेऊन संच काढला आणि त्याला नांव दिलें ‘एलियन कल्चर’. त्याची तबकडी १९८० सालीं निघाली. नानांना हें ठाऊक नव्हतें. त्यांनीं मला तें नांव दोनदां उच्चारायला लावलें. बुटांचें म्हणाल तर निखिल ते आतां मागल्या दारीं, बंबाच्या मागें ठेवतो. घालायचे सोडले नाहींत.

या सर्व पसाऱ्यांत मला आदर वाटला तो ‘क्रॅस’ या मंडळींविषयीं. लंडनच्या ईशान्येस एसेक्स परगण्यांत एका जुन्या शेतघरांत हीं सात-आठ माणसें एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, भाजीपाला पिकवीत. कुटुंब नव्हे, पण आपल्याकडल्या वाड्यासारखेंच. फरक इतकाच कीं कर्ता पुरुष कोणी नाहीं. १९७७ पासून त्यांनीं अराजक या शब्दाची जबाबदारी घेतली. राज्यसंस्था नको, सैन्य नको, युद्ध नको. आणि नको म्हणायचें तर आपल्या आचरणांतही नको. तबकडीच्या वेष्टणावर ते छापीत कीं, अमुक पेन्सांहून अधिक किंमत देऊं नका. एका तबकडीची किंमत त्यांनीं ४५ पेन्स ठेवली; ती करायलाच त्याहून अधिक खर्च येत होता! पहिल्या संग्रहांतील एक रचना कारखान्यांतल्या कामगारांना धर्मनिंदा वाटून त्यांनीं ती मुद्रित करण्याचें नाकारलें, तेव्हां क्रॅसनीं त्या जागीं दोन मिनिटांची शांतता ठेवली आणि तिला ‘भाषणस्वातंत्र्याचा आवाज’ अशा अर्थाचें नांव दिलें. १९८२ च्या फॉकलंड युद्धाविरुद्ध त्यांनीं उघड गाणीं काढलीं. मग थॅचर आणि रेगन यांच्या भाषणांचे तुकडे जोडून दोघांचें एक बनावट टेलिफोन-संभाषण तयार केलें; अमेरिकन सरकारला तें रशियन हेरांचें काम वाटलें, आणि १९८४ च्या जानेवारींत एका इंग्रजी वृत्तपत्रानें खरें काय तें उघड केलें. ही लबाडी मला पसंत नाहीं. शांततावाद्यांनीं खोट्या पुराव्याच्या वाटेला जाऊं नये. पण गोणपाटाच्या कपड्यांत राहणाऱ्या माणसांनीं दोन महासत्तांच्या कचेऱ्या जाग्या ठेवल्या, याचें कौतुक मात्र वाटल्यावांचून राहत नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं ठरल्याप्रमाणें संच बंद केला.

ही किंमत छापण्याची गोष्ट ऐकून आमच्या दादांना आपल्या आजोबांचें स्वदेशीचें व्रत आठवलें. विलायती साखर वर्ज्य म्हणून बारा वर्षें गुळाचा चहा पिणारा तो माणूस. व्रत घेतल्यावर राजकारण पोटांत उतरतें, असें दादांचें म्हणणें; आणि मला तें पटतें.

अमेरिकेंतल्या पंकांनीं तर व्रताचाच पंथ केला. वॉशिंग्टन शहरांत इयन मॅकाय या मुलानें १९८० मध्यें मित्रांबरोबर ‘डिस्कॉर्ड’ ही तबकड्यांची संस्था स्थापली. ती अजून चालू आहे. त्याच्या ‘मायनर थ्रेट’ या संचानें १९८१ सालीं पाऊण मिनिटाचें एक गाणें काढलें. त्याचा आशय असा कीं, मी दारू पीत नाहीं, धूम्रपान करीत नाहीं, मादक पदार्थांना शिवत नाहीं, कारण मला शुद्धीवर राहायचें आहे. ‘स्ट्रेट एज’ हें त्या गाण्याचें नांव पंथाला पडलें. गुत्त्यांतून अल्पवयी मुलांच्या हातावर दारू देऊं नये म्हणून फुली मारीत. तीच फुली या मुलांनीं आपण होऊन मारून घेतली. निखिलही हें पाळतो. तो महाविद्यालयाच्या सहलीला जाऊन कोरडा परत येतो याचें श्रेय वहिनी इतके दिवस शनिवारच्या मारुतीला देत होत्या; तें अर्धें वॉशिंग्टनला जातें हें कळल्यावर त्या गोंधळून गेल्या आहेत. पण याही व्रताचें पुढें काय झालें पाहा. मॅकाय स्वतः सांगत राहिला कीं, मीं माझ्यापुरतें सांगितलें, पंथ काढला नाहीं. तरी १९९० नंतर कांहीं टोळक्यांनीं त्याचें सोवळें केलें. मांस, दूध, चामडें, सर्व वर्ज्य. आणि जो पाळणार नाहीं तो अस्पृश्य. यूटा संस्थानांतील सॉल्ट लेक सिटींत तर शिगारेट ओढणाऱ्याला मारहाण करण्यापर्यंत मजल गेली, आणि पोलिसांनीं या निर्व्यसनी मुलांची नोंद गुंडांच्या टोळीप्रमाणें केली. सोवळें कोणत्या वाटेनें जातें हें आपल्याइतकें कोणाला कळावें! मीं हें निखिलला सांगितलें. तो म्हणाला, “म्हणून तर मी बूट चामड्याचे घेतले नाहींत, पण तुमच्या चपलांविषयीं कांहीं म्हणत नाहीं.” उत्तर मला आवडलें.

मुलींचा विषय थोडक्यांत सांगतों. जलशांत पुढें धक्काबुक्की चाले, म्हणून मुली मागें भिंतीला चिकटून उभ्या राहत. १९९१ च्या सुमारास ऑलिंपिया गांवीं कॅथलीन हॅना आणि तिच्या मैत्रिणींनीं रीतच उलटी केली. मुलींनीं पुढें यावें, मुलांनीं मागें सरकावें. हातांनीं लिहून, छायाप्रती काढून वाटलेल्या त्यांच्या पत्रिकांत ज्या गोष्टींची चर्चा असे, त्या गोष्टी आमच्या वाड्यांत अजूनही स्वयंपाकघरांतच, आणि तेंही हळू आवाजांत बोलल्या जातात. माझ्या सुनेनें त्याविषयीं मीं वाचलेलें पुस्तक मागून नेलें तें अद्याप परत केलेलें नाहीं.

पंक हें आतां निरुपद्रवी झालें आहे, असें कोणी म्हणूं लागलें कीं मी त्याला दोन ठिकाणें दाखवितों. डिसेंबर २०११ मध्यें इंडोनेशियांतील बांदा आचेह येथें पोलिसांनीं एका जलशावर धाड घालून साठांहून अधिक मुलामुलींना धरलें. त्यांच्यावर गुन्हा कोणताच नव्हता. मुलांचीं डोकीं भादरलीं, सर्वांना तळ्यांत बुचकळलें, आणि नीतिशिक्षणासाठीं दहा दिवस छावणींत ठेवलें. दुसरें ठिकाण मॉस्को. २१ फेब्रुवारी २०१२ ला ‘पुसी रायट’ या संचाच्या तरुणी तेथल्या मुख्य चर्चमध्यें शिरल्या आणि रखवालदारांनीं बाहेर काढीपर्यंत, मिनिटभरापेक्षांही कमी वेळ, पुतिनविरुद्ध प्रार्थना ओरडल्या. तिघींना दोन दोन वर्षांची शिक्षा झाली. एकीची ऑक्टोबरमध्यें स्थगित झाली, उरलेल्या दोघी डिसेंबर २०१३ पर्यंत आंत होत्या. देवळांत शिरून असें ओरडणें मला रुचणार नाहीं. परंतु मिनिटभराच्या ओरड्याला दोन वर्षें, हा हिशेब मांडणाऱ्याला त्या ओरड्याचा अर्थ चांगला कळला असला पाहिजे.

आणि मूळच्या पुराणपुरुषांचें काय? सेक्स पिस्टल्सचा गायक जॉन लायडन २००८ सालीं लोण्याच्या जाहिरातींत झळकला, २०१३ मध्यें अमेरिकन नागरिक झाला, आणि पुढें ट्रंपची बाजू घेऊं लागला. २०२१ मध्यें त्याच्या जुन्या सोबत्यांशीं न्यायालयांत वाद झाला. १९९८ च्या करारांत बहुमताचा नियम आहे, सबब एकट्याचा नकार चालणार नाहीं, असा न्यायाधीशांनीं निर्णय दिला. अराजकवाद्यांचा करार, आणि त्यांत बहुमताचें कलम! वेस्टवुडबाईंना राणीकडून ‘डेम’ हा किताब मिळाला. २०२२ च्या डिसेंबरांत त्या वारल्या.

२०१६ सालीं चाळीस वर्षें झालीं म्हणून लंडनमध्यें महापौरांच्या पाठिंब्यानें उत्सव झाले. तेव्हां मॅक्लॅरन-वेस्टवुड यांचा मुलगा जो कोरे यानें २६ नोव्हेंबरला थेम्समधल्या नौकेवर आपल्याजवळचे जुने कपडे, तबकड्या आणि वस्तु पेटवून दिल्या. त्यांची किंमत तो पन्नास लाख पौंड सांगत होता. सरकारी उत्सवांत मिरविण्यापेक्षां राख झालेली बरी, असें त्याचें म्हणणें. यावरून आमच्या घरांतल्या पक्षांची फेरवांटणी झाली. निखिल कोरेच्या बाजूनें. त्याच्याबरोबर, आश्चर्य म्हणजे, वहिनी. होळींत जुनें लांकूड घालायचेंच असतें, म्हणाल्या. दादांनीं १९५८ पासूनचीं नाटकांचीं तिकिटें जपून ठेवलीं आहेत, ते अर्थात् विरुद्ध. नानांनीं विचारलें, त्या वस्तूंत व्हिक्टोरिया पार्कच्या जलशाचीं पत्रकें होतीं काय? तें कोणालाच सांगतां आलें नाहीं. आणि मी? कोणताही कागद जळतांना पाहिला कीं इतिहासाच्या माणसाच्या पोटांत खड्डा पडतो, मग कारण कितीही उदात्त असो.

म्हणून मीं निखिलशीं एक करार केला आहे. त्याच्या संचाच्या प्रत्येक जलशाच्या हातानें काढलेल्या पत्रकाची एक प्रत त्यानें मला द्यायची. आतांपर्यंत दोन मिळालीं. आईच्या ट्रंकेंत, नानांच्या पत्रांच्या खालीं ठेवलीं आहेत. दुसऱ्याच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत लिहिलें आहे कीं, याला दहा रुपयांहून अधिक देऊं नयेत. मीं सुटे दहा रुपये काढून दिले, आणि त्यानें ते मोजून घेतले.